आईची उरलेली भाषा

उज्जैनच्या गोपाळ मंदिरात आई वर्षानुवर्षे रोज जायची. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या त्या मंदिरासमोरच एके दिवशी ती घराची वाट विसरली. अल्झायमर! पुढे हिंदी गेली, मराठी उरली. स्मृतीची चाचणी मात्र हिंदीत झाली. आई नुसती हसली.

दिल्लीच्या ‘एम्स’ने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठासह केलेल्या पाहणीत माणसांना त्यांच्या भाषांत तपासले. साठीपुढचे सुमारे ८८ लाख भारतीय स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज त्यातून २०२३ मध्ये आला. पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारी संस्थेचा. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनेच आरोग्य-संशोधनाच्या निधीत सुमारे ४० टक्के कपात सुचवली. आपल्या म्हाताऱ्यांची विचारपूस परक्याच्या तिजोरीवर किती दिवस चालायची?

आई मला ओळखत नाही. तरी विचारते, “जेवलास का रे?”