खापरखेड्याची चिमणी आणि नागपूरचा गोलरक्षक

नागपूरहून उत्तरेला छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलात की थोड्या वेळात कोराडी येते. जगदंबेचं देऊळ, मोठा तलाव, शेजारी वीज केंद्र. सहलीच्या बसगाड्या बहुतेक तिथंच थांबतात. तुम्ही मात्र थांबू नका. तिथून थोडं ईशान्येकडे वळलं की कन्हान नदीच्या बाजूला आणखी उंच उंच चिमण्या दिसू लागतात. त्या दिसल्या की समजा, खापरखेडा आला.

मुलांनो, या चिमण्या दाणे टिपणाऱ्या नव्हेत हं! आणि आजीच्या लहानपणी घरात मिणमिणायची ती रॉकेलची चिमणीही नव्हे. पण गंमत बघा, त्या रॉकेलच्या चिमणीला घराघरांतून सुट्टी दिली ती असल्याच चिमण्यांनी. कारण यांच्या पायथ्याशी वीज तयार होते. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक. करा बेरीज! सध्याच्या संचांपैकी पहिला १९८९ साली सुरू झाला.

हा सगळा मुलूखच कोळशाचा. सिल्लेवाड्यासारख्या खाणी अगदी जवळ. रस्त्याच्या कडेची झाडंसुद्धा उन्हाळ्यात काळपट-राखाडी दिसतात. हातरुमाल तोंडावरून फिरवून बघा, मग कळेल! घरात रोज दोनदा फडकं मारणाऱ्या इथल्या आयांना विजेची खरी किंमत विचारा. वीज आपण सगळे वापरतो, राख मात्र इथल्यांच्या वाट्याला येते. हे सहलीला गेल्यावर नुसतं 'वा वा' करताना विसरू नये, असं मला वाटतं.

आत काय चालतं? पट्ट्यावरून कोळसा येतो, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण करतात, ते बॉयलरमध्ये फुंकून जाळतात. पाण्याची वाफ होते. ती वाफ टर्बाइन फिरवते, मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, ती यामुळेच. संध्याकाळी लाखो घरांत एकदम दिवे लागले की यंत्रावर ताण येतो, वेग घसरू पाहतो. मग लगेच जास्त वाफ सोडून तो सावरावा लागतो. म्हणून नियंत्रण कक्षात रात्रंदिवस पाळ्या लावून माणसं बसलेली असतात. समोर काटे, आकडे, दिवे. आठ तास काहीच घडलं नाही, तर ती पाळी उत्तम!

आता सांगा, त्या माणसांची आठवण तुम्हाला कधी येते? टीव्हीवर सामना रंगात आलेला असताना लाईट गेली की. तेव्हासुद्धा आपण त्यांना शाबासकी देत नाही, उलट चार शब्दच सुनावतो. दिवे जळत असतात तेव्हा कोणाला कुणाची आठवण नाही.

खेळाच्या मैदानात नेमकी हीच पाळी करणारा एक गडी असतो. गोलरक्षक! दहा जण पुढे धावतात, टाळ्या घेतात. हा मागे एकटा उभा. दहा गोल अडवले तर कोणी मोजत नाही. एक सुटला की लगेच, "काऊन रे, झोपला होता का?"

आणि या कामातला एक अव्वल माणूस खापरखेड्यापासून फार लांब नाही, नागपुरातच जन्मला होता. रिचर्ड जेम्स ॲलन, जन्म ४ जून १९०२. नागपुरातल्या दहा मुलांना हे नाव विचारून बघा. ध्यानचंद म्हटलं की सगळे हात वर करतील. २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन, हॉकीचे जादूगार... सगळं पाठ! पण १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये भारताला हॉकीचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा तिन्ही संघांत असलेले खेळाडू दोनच होते. एक ध्यानचंद आणि दुसरा हा आपला नागपूरचा ॲलन. एक गोल करणारा, एक गोल न होऊ देणारा.

आपल्या देशात हॉकी आली ती लष्कराच्या छावण्यांमधून आणि रेल्वेच्या वसाहतींमधून. नागपुराला दोन्हींचा शेजार होता. खापरखेड्याहून कन्हानच्या काठाकाठानं खाली गेलं की कामठी लागते, तिथं १८२१ पासून छावणी आहे. नागपूर तर मोठं रेल्वे जंक्शन. ॲलनचं शालेय शिक्षण मात्र दूर मसुरीजवळच्या ओक ग्रोव्ह शाळेत झालं. ती शाळाही रेल्वेनंच काढलेली. पुढे तो बंगालकडून खेळू लागला आणि तिथूनच भारताच्या संघात आला.

१९२८ सालचा मार्च महिना. भारताचा हॉकी संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला निघाला होता. मुंबईच्या बंदरात 'कैसर-ए-हिंद' बोट उभी. निरोप द्यायला किती माणसं आली असतील? तीन! खरंच, फक्त तीन. ध्यानचंदांनी हे पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

ॲमस्टरडॅमला काय झालं ते आकड्यांतच बघा. ऑस्ट्रियाविरुद्ध ६-०, बेल्जियमविरुद्ध ९-०, डेन्मार्कविरुद्ध ५-०, स्वित्झर्लंडविरुद्ध ६-०. अंतिम सामना २६ मे रोजी यजमान हॉलंडशी. आपले काही खेळाडू आजारी, ध्यानचंदांच्या अंगात ताप, आणि मैदानाभोवती सगळे हॉलंडचे पाठीराखे. तरी भारत ३-० नं जिंकला. पाच सामने, २९ गोल केले, खाल्ला एकही नाही! त्या २९ गोलांतले १४ ध्यानचंदांचे, हे सगळीकडे छापलेलं असतं. शेजारचं शून्य कुणाचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते शून्य ॲलनचं. मला विचाराल तर २९ पेक्षा ते शून्य अवघड आहे. गोल चुकला तर पुढे दुसरी संधी मिळते. शून्याला एकदाही चुकायची सोय नसते.

गोल म्हणजे केवढी जागा, माहीत आहे? हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. तुमच्या वर्गाच्या भिंतीवर खडूनं आखून बघा (बाईंना विचारून!) आणि समोर उभे राहा. दोन्ही हात पसरले तरी किती भिंत उरते? आता वर्तुळाच्या कडेवरून, म्हणजे १४.६३ मीटरवरून, ताशी १०० किलोमीटर वेगानं चेंडू आला तर तुमच्यापाशी वेळ असतो जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. चेंडू कसला, दगडच म्हणा. वजन सुमारे १६० ग्रॅम. ॲलनच्या काळात पायाला क्रिकेटसारखे पॅड, हातात मोजे, आणि चेहऱ्यावर? काही नाही!

बर्फावरच्या हॉकीत तरी वेगळं होतं का? कॅनडा-अमेरिकेत तो खेळ धंदेवाईक आहे, गोलरक्षकाला त्याचा पगार मिळतो. तिथला गोल लहान, १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. पण चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, ती उसळू नये म्हणून आधी गोठवून ठेवतात, आणि कधी कधी ताशी १६० किलोमीटरहून जास्त वेगानं येते. असं असूनही कित्येक वर्षं तिथले गोलरक्षक उघड्या तोंडानंच उभे राहत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाक प्लांत नावाच्या गोलरक्षकाच्या तोंडावर चकती बसली. टाके घालून झाल्यावर तो म्हणाला, मुखवटा घालू देत असाल तरच मैदानात येतो. त्याच्या प्रशिक्षकाला हे पसंत नव्हतं. मुखवट्यानं नीट दिसायचं नाही, आणि लोक भित्रा म्हणतील ते वेगळंच! पण प्लांत हटला नाही. आज मुखवट्याशिवाय कोणी उभा राहत नाही.

ॲलनला मात्र तीन ऑलिंपिक तशीच काढायची होती. १९३२ साली लॉस एंजेलिसला तो एकच सामना खेळला. अमेरिकेविरुद्ध. भारताचे २४ गोल, अमेरिकेचा १. त्या एका गोलाची गोष्ट मोठी मजेदार सांगतात. सगळा खेळ पलीकडच्या टोकाला चाललेला, ॲलनकडे चेंडूच येईना. कंटाळून तो गोलच्या मागे जाऊन प्रेक्षकांना सह्या देत बसला, आणि तेवढ्यात अमेरिकेनं गोल मारला! गोष्ट ऐकून हसू येतं. पण नियंत्रण कक्षातल्या माणसाला सांगून बघा, तो हसायच्या आधी एकदा काट्याकडे बघेल.

चार वर्षांनी बर्लिन. ॲलन आता ३४ वर्षांचा. स्पर्धेआधीच्या सरावसामन्यात जर्मनीनं आपल्याला ४-१ असं हरवलं होतं, म्हणून सगळ्यांच्या पोटात गोळा. पण खऱ्या स्पर्धेत हंगेरी, अमेरिका, जपान, फ्रान्स, कुणालाच भारतावर गोल करता आला नाही. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्ट १९३६ रोजी झाला. तारीख लक्षात आली ना? स्वातंत्र्याला बरोबर अकरा वर्षं बाकी होती. भारतानं जर्मनीला ८-१ नं हरवलं. त्या पूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला तो एकच गोल.

म्हणजे ॲलनचा तीन ऑलिंपिकचा हिशेब काय झाला? दहा सामने, दोन गोल, तीन सुवर्णपदकं. १९६९ साली बंगलोरला त्याचं निधन झालं.

विदर्भानं त्यानंतरही गोलरक्षक दिला आहे. यवतमाळचा आकाश चिकटे २०१७ साली ढाक्याला आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. आणि केरळचा श्रीजेश तर तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. टोकियो आणि पॅरिस, दोन ऑलिंपिक ब्राँझपदकं मिळवून २०२४ मध्ये तो थांबला, तेव्हा त्याचा १६ नंबरचा शर्टसुद्धा निवृत्त केला. गोलरक्षकाला एवढा मान मिळालेला पाहून फार बरं वाटलं.

खापरखेड्याला जायचं तर हिवाळ्यात जा. मे महिन्यात ४५ अंशांत चिमणीकडे मान वर करून बघवत नाही. वीज केंद्र आतून पाहायला परवानगी लागते, तेव्हा शाळेतर्फे गुरुजींना आधी पत्र पाठवायला सांगा. आत गेलात तर बॉयलर पाहण्याच्या नादात नियंत्रण कक्ष चुकवू नका. नंतर जवळच्या बिना गावी जाऊन या. तिथं कन्हान, पेंच आणि कोलार अशा तीन नद्या एकत्र येतात. डबे तिथंच उघडा. आणि संध्याकाळी परतताना एखाद्या मैदानावर मुलं खेळताना दिसली, तर गोलमध्ये कोण उभं आहे ते बघा. बहुतेक सगळ्यांत धाकटा किंवा ज्याला दुसरी जागा दिली नाही तो असेल. त्याला विचारा, "दहा मिनिटं मी उभा राहू का?"