उज्जैनची तीन वर्षं आणि एक दिवस

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला आले की हटकून विचारतात, "एका दिवसात उज्जैन होतं का हो?" होतं की. जेमतेम 55 किलोमीटर. मी मात्र तिथे तीन वर्षं राहूनही उज्जैन बघितलं नव्हतं.

1983 ते 86 मी तिथल्या शाखेत होतो. तेव्हा सगळा कारभार लेजरवर, बॅलन्स जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. आमची ही मात्र शेजारणींबरोबर सगळं गाव हिंडली. हरसिद्धीच्या दीपमाळा पेटताना माझ्यासोबत बघायच्या, एवढीच तिची इच्छा होती. बदलीची ऑर्डर आल्यावर एक संध्याकाळ ठरवली आणि नेमका त्याच दिवशी नऊ रुपयांचा फरक आला. सापडला रात्री साडेनवाला. देवळाशी पोचलो तेव्हा ही झोपलेल्या मुलीला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. काही बोलली नाही. पुढेही कधी नाही.

आता तिला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. यंदा फेब्रुवारीत म्हणाली, "अहो, आता तरी चला."

महाकालला सकाळीच गेलो. 2022 मध्ये महाकाल लोक झाल्यापासून गर्दीचं विचारू नका. आजचं देऊळ राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी 18व्या शतकात उभं केलं, हे मी रांगेतल्या एका मुलाला सांगायला लागलो, तर हिनं माझा हात दाबला. म्हणजे पुरे.

वेधशाळेत मात्र दोन तास कसे गेले कळलं नाही. सवाई जयसिंगांनी बांधलेली, 1923 साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे खरं तर प्रचंड सूर्यघड्याळ. मधली तिरकी भिंत ध्रुवाकडे रोखलेली, तिची सावली बाजूच्या कमानीवरच्या खुणांवरून सरकते. मी वाचलं, अकरा वाजून वीस मिनिटं. मनगटावर बारा वाजून एक. म्हटलं, एवढं जुनं यंत्र, चालायचंच.

ही हसली. "आधी तिथला तक्ता बघा."

कोणत्या तारखेला किती मिनिटं मिळवायची, ते तक्त्यात असतं. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाची. उज्जैन त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे तिथे सूर्य सुमारे 27 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. वरची मिनिटं पृथ्वीच्या फिरण्याच्या कमीजास्त वेगाची आणि तिच्या कलण्याची, ती वर्षभर बदलत राहतात. फेब्रुवारीच्या मध्याला बेरीज 41. मिळवली. जुळलं! ऑडिटला शाखा निर्दोष ठरली तेव्हाही मी इतका खूश झालो नव्हतो. जाणार असाल तर ऊन बघून जा, पावसाळ्यात तिथे नुसते चौथरे दिसतात.

दुपारी गोपाळ मंदिर. ते बायजाबाई शिंद्यांनी बांधलं. बायजाबाई कागलच्या घाटग्यांची लेक आणि हिचं माहेर कागल, त्यामुळे देऊळ जणू घरचंच. चांदीची दारं तिनं हातानं चाचपून बघितली. दौलतरावांच्या मागे 1827 ते 33 बायजाबाईंनी राज्य सांभाळलं, आणि उज्जैनला त्यांच्या सावकारी पेढ्या होत्या. म्हणजे माझ्याच धंद्यातल्या! त्याच बाजारातून मी तीन वर्षं सायकलनं बँकेत गेलो, मान वर करून शिखर बघितलं नाही.

रामघाटावर थोडं टेकलो. 2014 पासून शिप्रेत नर्मदेचं पाणी पाइपानं आणून सोडतात. ही म्हणाली, "तेव्हा अशी नव्हती नदी." कशी होती, ते मला कुठे ठाऊक?

संध्याकाळी हरसिद्धी. मराठा धाटणीच्या दोन उंच दीपमाळा, तेलानं काळ्याकुळकुळीत झालेल्या. माणसं सरसर वर चढतात आणि भराभर दिवे लावत जातात. अंधार पडता पडता दोन्ही पेटल्या. पायरी तीच होती की शेजारची, आठवेना. बसलो.

"एक दिसतेय," ही म्हणाली. "दुसरी कुठे?"

मी खांद्याला धरून तिला जरा डावीकडे वळवलं.

"हां, दिसली. तुम्ही बघताय ना?"