स्वीडिश विणकामाची घरगुती आखणी

स्वीडिश विणकाम हे नाव काहीसे फसवे आहे, कारण ही कला मागावरची नसून भरतकामाची आहे. हक नावाच्या टॉवेलच्या कापडावर किंवा मंक्स क्लॉथ या जाड, सैल विणीच्या सुती कापडावर जे धागे पृष्ठभागी सुटे, म्हणजे ‘तरंगते’, राहतात, त्यांच्याखालून बोथट सुई सरकत असल्यामुळे उलट बाजूस टाका दिसत नाही. १९३० आणि १९४० च्या दशकांत ही कला अमेरिकेत लोकप्रिय होती. स्वतःचा नमुना रचणाऱ्याला तरंगत्या धाग्यांची मांडणी आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते, कारण येथे रेषा मनाला येईल तिथे वळत नाही, धागा सापडेल तिथेच वळते. आणि या बंधनातूनच रचनेला तिची खरी भूमितीय शोभा लाभते. मंक्स क्लॉथ धुतल्यावर बरेच आटते, म्हणून ते आधीच धुऊन घ्यावे.