भाट्याच्या खाडीत गळ टाकून

रत्नागिरीहून पावसकडे निघालात की शहर सुटताच भाट्याचा लांबलचक पूल लागतो. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला खाडी. खालून वाहते ती काजळी नदी. सह्याद्रीत उगम पावून ती इथे समुद्राला मिळते. काठावर गळ टाकून बसलेली दोन-चार पोरं हमखास दिसतील. त्यांतलं एखादं माझ्या वर्गातलंही असेल!

मी मूळची सोलापूरकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं. डी.एड. करून इकडे नोकरीला आले, तेव्हा भरती-ओहोटी फक्त पुस्तकात वाचलेली. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. महिन्यातले काही दिवस शाळेतून गायब. विचारलं तर म्हणे, "पाण्यावर गेलतो." मी खूप रागवायचे.

एकदा सकाळी नऊ वाजता मी मुलांना खाडी दाखवायला न्यायचं ठरवलं. तो म्हणाला, "बाई, आज नको. पुनव हाय. पाणी भरतंय." मी म्हटलं, "शाळा बुडवणाऱ्यानं मला शिकवू नये." आज ते आठवलं की लाज वाटते.

बावीस मुलं वाळूच्या पट्ट्यावर शिंपले वेचत होती. सहज मागे वळून पाहते तो काय, मघाशी जिथून चालत आलो तिथे पाणी! सरळ काठाकडे निघाले तर पाय पोटरीपर्यंत चिखलात. दोघी-तिघी रडायला लागल्या. मला तर काही सुचेना. तेवढ्यात तो पुढे झाला. "बाई, इकडनं या. कालवं हायत तिथं खाली दगुड असतो." कालवं दगडाला घट्ट चिकटून वाढतात, त्यामुळे तिथे पाय रुतत नाही. एकमेकांचे हात धरून गुडघाभर पाण्यातून आम्ही काठाला लागलो. माझी एक चप्पल खाडीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी खडू त्याच्या हातात दिला. त्यानं फळ्यावर आजोबांचा हिशेब मांडला : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली! चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सवा अकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण काम भागतं. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकतो म्हणून भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि पाणी खूप चढतं, ते उधाण. अष्टमीला जोर कमी, तो भांग. पोरगा गायब व्हायचा ते दिवस मी हजेरीत पाहिले. सगळे उधाणाचे!

मग आम्ही गळालाच कामाला लावलं. दोरीच्या टोकाच्या शिशाला ओला साबण फासायचा आणि दोरी तळापर्यंत सोडायची. तळाला जे असेल ते साबणाला चिकटून वर येतं. पूर्वी खलाशी शिशाला चरबी लावून असंच करायचे. खाडीच्या आत मऊ चिखल आला, मुखाशी वाळू. वाहतं पाणी जड कण आधी टाकतं, बारीक गाळ मात्र पाणी संथ झालं की मगच बसतो. वाळू वाळवून वर चुंबक फिरवला, तर काळे कण टपाटप चिकटले! उरलेल्या पांढऱ्या कणांवर लिंबू पिळलं तर ते फसफसले. म्हणजे तो शिंपल्यांचा चुरा.

त्या काळ्या कणांनी मला घरची आठवण आली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन सह्याद्रीचा काळा पाषाण झाला. तो झिजून आमच्या सोलापूरकडे काळी माती झाली, इकडच्या धो-धो पावसात लाल जांभा झाला, आणि त्यातलेच लोहाचे कण काजळीनं इथवर आणले.

एकदा त्या मुलाला बोय मासा मिळाला. त्याच्या आईनं तो आमच्यासमोर साफ केला. कोंबडीच्या पोटात खडे भरलेली जाड पिशवी असते ना, तशीच बोयीच्याही पोटात असते. चिरली तर आत खाडीचा चिखल! चिखलातलं बारीकसारीक खाऊनच ती जगते. "बाई, हिला बी सह्याद्री पचतो," मागून एक जण म्हणाला.

आता माझ्या हजेरीच्या वहीत तारखेपुढे तिथी असते. तुम्ही इकडे आलात तर पौर्णिमेला संध्याकाळी पाचच्या सुमारास या, तळ छान उघडा पडलेला असतो. मोठं माणूस बरोबर हवंच. साबणाची वडी आणा, आणि उतरण्याआधी काठावरच्या पोरांना पाण्याचं विचारा.