खाऊ घालणारी बाग

फुलपाखरांची बाग कशी करायची, असं कुणी विचारायला आलं की मी उलट विचारते, "पानं कुरतडलेली चालतील ना?" भिलाईच्या टाउनशिपमध्ये बागेची हौस घरोघरी आहे. क्वार्टरच्या पुढे-मागे मोकळी जागा, मेंदीचं कुंपण, हिवाळ्यात शेवंती आणि डेलियाच्या कुंड्या. एवढी फुलं असूनही बऱ्याच अंगणांत फुलपाखरू घोटभर मध पिऊन निघून जातं. ते आपल्याकडे राहावं, त्याची पुढची पिढी इथेच निपजावी असं वाटत असेल, तर फुलांआधी पानांचा विचार करावा लागतो. मादी अंडी घालते ती अळीला पचेल अशाच झाडावर, आणि बहुतेक जातींची ही झाडं मोजकी, ठरलेली असतात.

सुरुवात कढीपत्त्यापासून करावी. लिंबाच्या कुळातलं हे झाड लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन या दोघांनाही चालतं. लिंबू आणि बेलही लाइमला चालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मनही याच कुळातल्या पानांवर वाढतं. सकाळी उन्हं वर आली की लाइमची मादी कढीपत्त्याभोवती घुटमळू लागते. पंखांची फडफड चालूच ठेवून ती पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. पायांनाच तिला चव कळते. पान पसंत पडलं की पोट वाकवून कोवळ्या शेंड्यावर एकच फिकट पिवळं अंडं चिकटवते आणि पुढच्या फांदीकडे वळते. तीन-चार दिवसांनी बाहेर पडलेली अळी आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते. लहानपणी ती काळी-पांढरी असते, पक्ष्याची शीट पडल्यासारखी, त्यामुळे पक्षी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मोठी झाली की पानाच्या रंगात मिसळून जाते. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुफाटा बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हवा चांगली असेल तर अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात.

माझ्याकडे कढीपत्त्याची दोन झाडं आहेत, एक फोडणीचं आणि एक यांचं. फोडणीच्या झाडावर अळी दिसली तर तिला बोटांनी उचलत नाही. ती बसलेली डहाळीच खुडून दुसऱ्या झाडाला टेकवते. ती आपणहून पलीकडे चालत जाते.

मुरमाड जमिनीत आणि मे महिन्याच्या लूमध्ये तग धरणारं दुसरं झाड म्हणजे रुई. शनिवारी मारुतीला हिच्याच पानांचा हार घालतात. प्लेन टायगरची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली अळी रुईवर वाढते. रुईचा चीक विषारी आणि चिकट. अळी खाण्याआधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ अडवते आणि मग पुढचा भाग निवांत खाते. तरीही काही विष अंगात उतरतंच, पुढे फुलपाखरातही राहतं, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. डॅनाइड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखीच केशरी असते, अंगात विष नसताना. तिची अळी मात्र वाढते घोळीच्या भाजीवर. म्हणून कुंडीत आपोआप उगवलेली घोळ मी उपटत नाही.

घोळीसारखाच टाकळा. छत्तीसगढमध्ये त्याला चरोटा म्हणतात आणि पहिल्या पावसानंतर त्याच्या कोवळ्या पानांची भाजी घरोघरी होते. कुंपणालगतचा चरोटा आमच्या कामवाल्या बाई हक्काने खुडून नेतात. उरलेल्यावर पिवळ्या कॉमन ग्रास यलोची अळी पोसते. इथे परसातल्या भाजीच्या तुकड्याला बारी म्हणतात. गुळगुळीत लॉनपेक्षा अशी थोडी अस्ताव्यस्त बारी फुलपाखरांना कितीतरी जास्त देते.

अळी आणि तिचं झाड यांची ही जोडी मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने फार पूर्वी ओळखली होती. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये राहून तिने १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अळी, कोष आणि फुलपाखरू झाडासकट एकाच चित्रात दाखवलं. आपल्याकडे ठाण्याजवळच्या ओवळे गावात राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या जमिनीवर फुलपाखरांची बाग उभी केली, तीही याच जोड्यांच्या आधारावर.

पानं लागली की मग फुलं. पेंटास, एक्झोरा, जमैकन स्पाइक, एकेरी पाकळ्यांचा झेंडू आणि झिनिया. भरगच्च दुहेरी फुलांत सोंड मधापर्यंत पोचत नाही, म्हणून ती दिसायला सुंदर असली तरी इथे उपयोगाची नाहीत. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात, पण मी ती लावत नाही. तिची फळं पक्षी दूरवर नेतात आणि रानात ती इतर झाडोऱ्याला उगवू देत नाही. वाफे पूर्वेकडे असावेत, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. वारा अडवायला कुंपण हवं, आणि पसरट थाळीत ओली माती. त्या मातीतले क्षार शोषायला नर जमतात. पिकून फुटलेला पेरू तसाच झाडाखाली पडू द्यावा. बॅरन आणि इव्हनिंग ब्राउन फुलांपेक्षा त्याच्यावरच येतात.

शेजारचा मुलगा हाका मारतो, "आंटी, कीड़ा लग गया!" त्याला मी जवळ बोलावून भिंग देते. मोठ्यांना समजावणं अधिक कठीण जातं, कारण त्यांचा हात आधी फवाऱ्याकडे जातो. निंबोळी अर्क नैसर्गिक म्हणून निर्धोक, असा समज आहे. प्रत्यक्षात तो अळीची वाढ थांबवतो, आणि किडीची अळी कोणती नि फुलपाखराची कोणती हे त्याला कळत नाही. रुईवरचा मावा मी पाण्याच्या जोरदार धारेने धुते. राहिलेला मावा चित्रांगी भुंगेरे संपवतात.

सगळ्या अळ्या फुलपाखरं होत नाहीत, आणि तसं व्हावं असंही मला वाटत नाही. शिंपी आणि बुलबुल आपल्या पिलांसाठी अळ्या नेतात, गांधीलमाशी नेते, काही कोषांतून चिमुकल्या परजीवी माश्याच बाहेर पडतात. त्यांच्याशी लढण्यात अर्थ नाही. झाडं इतकी वाढवावीत की सगळ्यांचं भागून चार पंख उरतील, माळ्याचं काम एवढंच. यंदाच्या आषाढात एकच गोष्ट जमणार असेल, तर कढीपत्त्याच्या बुडाशी आलेला फुटवा मुळासकट काढा, शेणखत घातलेल्या खड्ड्यात लावा आणि त्याच्या पानांवर हक्क सांगू नका. आश्विन-कार्तिकात, फुलपाखरांच्या ऐन हंगामात, मादीला ते झाड बरोबर सापडतं.