फिलाडेल्फियातील लाल विटांची वास्तू

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने तेथील उंच इमारती, रुंद रस्ते व बर्फ यांचे वर्णन करावे, असा प्रघात आहे. तो मोडून आम्ही आज वाचकांपुढे एका दुमजली, दिसावयास अगदी साध्या वास्तूची हकीकत मांडणार आहो. ती पाहण्याचा योग आम्हांस 2024 च्या कार्तिकात आला. परंतु कोणत्या मनःस्थितीत ती पाहिली, हे आधी सांगितले पाहिजे.

आमचे चिरंजीव अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात असतात, आणि धाकट्या बंधूंचे चिरंजीव तेथून दीड तासाच्या वाटेवर, फिलाडेल्फिया शहरात. दोघेही त्या देशाचे नागरिक असल्यामुळे दोघांसही मताधिकार आहे. भाऊबीजेस सर्व मंडळी आमच्याकडे फराळास जमली. अध्यक्षपदाची निवडणूक दोन दिवसांवर आली होती. दोघांपैकी एक ट्रंपसाहेबांच्या पक्षाचा, दुसरा कमलाबाई हॅरिस यांच्या पक्षाचा. कोण कोणत्या, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. हॅरिसबाईंच्या मातोश्री मूळच्या तमिळ, तेव्हा त्यांचा विषय निघाला. त्यावरून महागाई, परदेशातून येणारे लोक, असे एकेक प्रकरण उपस्थित झाले. आवाज चढले. अखेर पुतण्या भरल्या ताटावरून उठला व बायकोमुलास घेऊन निघून गेला. आमच्या नातीने त्याच्या मुलास ओवाळण्यासाठी लावलेले निरांजन तबकात तसेच तेवत राहिले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. असा प्रसंग आम्ही तरुणपणी पाहिला होता. 1977 च्या लोकसभा निवडणुकीवरून आमचे तीर्थरूप व काका यांचे बिनसले, आणि एका वाड्यात राहून, एका आडाचे पाणी पिऊन, ते दोघे बंधू नऊ वर्षे परस्परांशी बोलले नाहीत. निरोप आम्हा मुलांकरवी जात. काका वारले त्या दिवशी तीर्थरूप ओसरीवर बसून एवढेच म्हणाले, "पहिल्याने मी बोलावयास हवे होते." ते बोल आमच्या कानांतून अद्याप गेलेले नाहीत.

5 नोव्हेंबरास मतदान झाले. त्या देशात अध्यक्षाची निवड प्रत्यक्ष लोकमताच्या बेरजेने होत नाही; राज्याराज्यांतून मिळून 538 निर्वाचक निवडले जातात, व त्यांपैकी 270 ज्याच्याकडे, तो अध्यक्ष. ट्रंपसाहेबांस 312 मिळाले, हॅरिसबाईंस 226. लोकांची मते मात्र अनुक्रमे सुमारे 7 कोटी 73 लाख व 7 कोटी 50 लाख, म्हणजे देश जवळजवळ मधोमध दुभंगलेला. फिलाडेल्फिया शहराने आपली बहुतेक मते हॅरिसबाईंच्या पदरात घातली, तर ते शहर ज्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात आहे, त्याने आपले 19 निर्वाचक ट्रंपसाहेबांस दिले. आमच्या घराची जी स्थिती, तीच त्या राज्याची.

शनिवारी, कार्तिक शुद्ध अष्टमीस, चिरंजीव आम्हा सर्वांस फिलाडेल्फिया दाखवावयास घेऊन निघाले. "शहर पाहू, त्याच्याकडे जाण्याची गोष्ट काढू नका," असे त्यांनी आधीच बजावले होते. सौ.ने मुकाट्याने चकल्यांचा एक डबा गाडीत ठेविला.

जेथे 1776 साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा व 1787 साली राज्यघटना सिद्ध झाली, त्या इंडिपेंडन्स हॉलपुढे यात्रेकरूंची रीघ होती. त्याच्या शेजारीच, सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, लाल विटांचा काँग्रेस हॉल आहे. 1790 पासून 1800 पर्यंत हे शहर राजधानी असताना तळमजल्यावर प्रतिनिधिगृह व माडीवर सेनेट भरत असे. खाली अर्धवर्तुळाकार मांडलेली बाके, समोर सभापतींचे आसन. थाटमाट कसला तो नाही.

रुंद काठाची टोपी घातलेल्या मार्गदर्शकाने सांगितलेली कथा अशी. वॉशिंग्टन यांनी दोन कारकीर्दी पुऱ्या करून स्वखुशीने पद सोडण्याचे ठरविले. पुढील निवडणुकीत ॲडम्स यांस 71 व जेफर्सन यांस 68 मते पडली, आणि तेव्हाच्या नियमाने पराभूत जेफर्सन विजेत्याचे उपाध्यक्ष झाले. 4 मार्च 1797 रोजी याच दालनात ॲडम्स यांनी शपथ घेतली. लोकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले होते, असे ॲडम्स यांनी पत्नीस लिहिले आहे. समारंभ संपल्यावर वॉशिंग्टन यांनी नव्या उपाध्यक्षांस पुढे जाऊ दिले व आपण सामान्य नागरिकाप्रमाणे मागून बाहेर पडले, असे सांगतात.

हे ऐकताना आम्हांस रघुवंश आठवला. रघुकुलातील राजे वार्धक्यात राज्य सोडून वनाची वाट धरीत. पण ते राज्य पुत्राच्या हाती जात असे. परक्याच्या, किंबहुना प्रतिस्पर्ध्याच्या हाती ते हसतमुखाने देणे ही निराळी तपश्चर्या होय, आणि ती सर्वांस साधत नाही. खुद्द ॲडम्स 1801 साली जेफर्सन यांच्याकडून हरले, तेव्हा शपथविधीस न थांबता पहाटेच राजधानी सोडून गेले. 6 जानेवारी 2021 रोजी पराभव अमान्य करणाऱ्या ट्रंपसाहेबांच्या पाठीराख्यांनी वॉशिंग्टन येथील संसदभवनावर चाल केली, आणि पुढे 20 तारखेच्या शपथविधीस ते मावळते अध्यक्ष गेले नाहीत. उलट आम्ही तेथे असतानाच, 6 जानेवारी 2025 रोजी, हॅरिसबाईंनी उपाध्यक्ष या नात्याने आपल्याच पराभवाची गणना सभागृहात शांतपणे जाहीर केली. नियम कागदावर असतात. ते पाळावयाचे की नाहीत, हे दर खेपेस माणसासच ठरवावे लागते.

असो. मार्गदर्शकाचे बोलणे संपताच आमच्या नातीने विचारले, "मग ते दोघे पुन्हा बोलले की नाही?"

तो हसून म्हणाला, "अकरा वर्षे नाही. मग 1812 च्या पहिल्या दिवशी ॲडम्स यांनी आधी पत्र लिहिले. पुढे ते दोघे मरेपर्यंत एकमेकांस पत्रे लिहीत होते, आणि गेलेही एकाच दिवशी, 4 जुलै 1826 रोजी."

चिरंजीव मागल्या बाकापाशी बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाबा, आईचा डबा गाडीतच आहे ना?"

पुतण्याने दार उघडले. क्षणभर कोणी बोलेना. मग तो आमच्या चिरंजीवांस म्हणाला, "गाडी कोठे लावलीस? समोर लावलीस तर दंड करतात." दोघे मिळून गाडी हलवावयास गेले, ते अर्ध्या तासाने परतले. मते कोणाचीच बदलली नव्हती, व ती बदलावीत असे आम्हीही म्हटले नाही.

सूनबाईंनी तबक मागून घेतले. भाऊबीज होऊन सहा दिवस झाले होते. तेव्हा आज ओवाळलेले चालेल काय, असे नातीने आम्हांस विचारले. पंचांग पाहण्याची सवय असूनही आम्ही ते पाहिले नाही. "चालेल," एवढेच म्हणालो.