खंबाटकीचा अलाभ

पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डात पहाट लवकर होते. शहर साखरझोपेत असताना भुसार विभागात ट्रक लागलेले असतात, हमाल पोती उतरवू लागलेले असतात. या बाजारातील एका जैन कुटुंबाचा गाळा तीन पिढ्यांचा. चार महिन्यांपूर्वी दोघा भावांत वाटणी झाली. माल, वसुली, गोदाम, सारे कागदावर नीट वाटले गेले. वाटता आले नाही ते एकच, वडिलांच्या नावाने चालत आलेले पेढीचे नाव. ते कोणी लावायचे यावर दोघांचे बोलणे तुटले. बाजारात समोरासमोर आले, तरी दोघे मान दुसरीकडे वळवू लागले.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. तिने वाटणीच्या कागदाबद्दल एक शब्द उच्चारला नाही. पौषात मात्र तिने इच्छा सांगितली, "कुंभोजगिरीची यात्रा करायची आहे. दोन्ही घरांनी मिळून, एकाच गाडीतून."

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून झोपण्याची सोय, छोटे स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी असलेल्या गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. चौविहार पाळणाऱ्या, उकळलेले पाणी पिणाऱ्या आणि बाहेरचे न खाणाऱ्या कुटुंबाला अशी गाडी म्हणजे चाकांवरचे घरच. धाकट्या सुनेने ती ठरवली. दोन्ही जावांनी मिळून मूगडाळ, तांदूळ, तूप, खाकरे, थेपले असे सामान भरले.

सकाळी सात वाजता यायची गाडी सव्वानऊला आली. थोरल्या भावाने घड्याळ पाहिले, धाकट्याने खिडकीबाहेर. गाडी सातारा रस्त्याला लागली. ज्या कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात नळ टाकून पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी नेले, तो तलाव मागे पडला आणि वाहनांच्या गर्दीतून वाट काढण्यात तासभर गेला. पुढे नवा बोगदा, खेड-शिवापूर आणि सारोळ्याचा नीरा नदीवरील पूल. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. शिरवळ, खंडाळा मागे टाकून गाडी खंबाटकीच्या पायथ्याशी पोहोचली तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते.

घाटात मालाने भरलेला एक ट्रेलर बंद पडला होता. वाहनांची रांग इंचाइंचाने सरकत होती. थेपल्यांचे डबे उघडले, संपले आणि पुन्हा बंद झाले. मुलांचे गाण्यांचे खेळ आटोपले. पावणेतीनला वाट मोकळी झाली. चालकाने चढावर जोर दिला आणि इंजिनाचा पट्टा तुटला. वाफेचा लोट उठला. गाडी कशीबशी कडेला घेऊन चालकाने चाकांमागे दगड लावले.

इतका वेळ दाबून ठेवलेले सारे तेव्हा बाहेर आले. "स्वस्त पाहून गाडी ठरवली की असेच होते," थोरला म्हणाला. "आयुष्यभर सगळे तूच ठरवत आलास. एक गोष्ट दुसऱ्याने ठरवली, तर इतका त्रास?" धाकट्याने उत्तर दिले. जावा एकमेकींकडे पाहत राहिल्या. मुले गप्प झाली.

आईने पिशवीतून कटासणे काढले, मागच्या बाकावर अंथरले आणि मुहपत्ती हातात घेऊन सामायिक घेतले. अठ्ठेचाळीस मिनिटे. सामायिकात बसलेल्या आईसमोर आवाज चढवणे त्या घरात कोणाला शिकवलेलेच नव्हते. भांडण जिथल्या तिथे थांबले. बाहेर ट्रक एकामागून एक वर चढत होते आणि आत केवळ माळेचे मणी सरकत होते.

सामायिक पारून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "दिवाळीला वहीवर आपण शुभ-लाभ लिहितो. तत्त्वार्थसूत्रात बावीस परीषह सांगितले आहेत, त्यांत अलाभही आहे. हवे ते मिळाले नाही तरी मन ढळू न देणे. लाभ तुमच्या वडिलांनी शिकवला. अलाभ शिकवायचा राहून गेला."

कोणी काही बोलले नाही. तेवढ्यात थोरल्याची दहा वर्षांची मुलगी पाठशाळेत ऐकलेली गोष्ट चुलतभावाला सांगू लागली. भरत आणि बाहुबली हे दोघे भाऊ राज्यासाठी लढले. जिंकता जिंकता बाहुबलींनी सारे सोडले आणि ते वर्षभर ध्यानात उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. धाकट्या भावांनी आधी दीक्षा घेतली होती. त्यांना वंदन कसे करायचे, हा अभिमान मनात उरला होता. मग ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या आणि म्हणाल्या, हत्तीवरून खाली उतरा.

"पण ते तर जमिनीवर उभे होते," लहानग्याने शंका काढली.

"तेच तर!" मुलगी म्हणाली.

धाकटा भाऊ गाडीतून खाली उतरला. तरुणपणी साताऱ्याच्या वसुलीला जाताना खंडाळ्यातील गॅरेजवाल्यांशी त्याची ओळख झाली होती. फोन लागत नव्हता. पट्टा आणायचा तर खाली जावे लागणार होते. मात्र खंबाटकीचा घाटरस्ता तेव्हा केवळ साताऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांसाठी होता. पुण्याकडे येणारी वाहने बोगद्यातून येत. त्यामुळे खाली नेणारे वाहन मिळणे शक्यच नव्हते. तीनेक किलोमीटर पायीच जायचे होते. तो दहा पावले गेला असेल, तोच मागून थोरला म्हणाला, "थांब, मीही येतो. एकट्याने रस्त्याच्या कडेने जाऊ नकोस."

तेव्हा चार वाजायला आले होते. पौषातला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जावांनी गॅस पेटवला, मूगडाळीची खिचडी टाकली. टाकीचा पंप बंद पडला होता, पण पहाटे उकळून भरून घेतलेली कळशी होती. पाच वाजता खिचडी तयार झाली. सुनांनी आईसमोर ताट ठेवले. चाळीस वर्षांत तिचा चौविहार चुकला नव्हता. तिने ताट झाकून ठेवले. "दोघे येऊ देत."

"आणि नाही आले वेळेत?"

"तर आज उपवास. त्यात दुःख कसले?"

मुले खिडकीला नाक लावून बसली. डोंगराची सावली रस्त्यावर पसरत चालली. सव्वापाच. साडेपाच. पाच पस्तीसला वळणावरून एक लहान टेम्पो आला. मागे पट्टा, हत्यारांची पेटी आणि मेकॅनिक. पुढे चालकाच्या शेजारी दाटीवाटीने बसलेले दोघे भाऊ. दोघांच्याही कपड्यांवर रस्त्याची सारखीच धूळ होती.

सर्वांनी एकत्र बसून गरम खिचडी खाल्ली. सहाला पाच मिनिटे असताना आईने पाणी घेतले आणि चौविहाराचे पच्चक्खाण केले. खाली जाताना भावांत काय बोलणे झाले ते कोणी विचारले नाही. जेवताना थोरल्याने एवढेच सांगितले की बाबांचे नाव दोन्ही गाळ्यांवर लागेल. पुढे आपापले नाव जोडायचे.

विजेरीच्या उजेडात पट्टा बसला आणि गाडी घाट चढून निघाली. सातारा आणि कराड अंधारातच गेले. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणारे कर्मवीर भाऊराव पाटील मूळचे जैन घरातले. त्यांचा जन्म 1887 मध्ये कुंभोज येथेच झाला, हे थोरल्याने मुलांना सांगितले. पण ऐकायला तेवढी एक मुलगीच जागी होती. धर्मशाळेच्या दारात गाडी थांबली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात बाहुबलींची 28 फुटांची शुभ्र संगमरवरी मूर्ती समोर आली. दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही परंपरांचे भाविक या तीर्थावर येतात. आईचे दोन्ही हात दोन्ही मुलांनी धरले होते. मूर्तीच्या अंगावरील वेली पाहून लहानगा ओरडला, "खरंच, हत्ती कुठेच नाही!"

वाटणी वाटणीच राहिली. मार्केट यार्डात आजही दोन गाळे आहेत, दोन वह्या आहेत आणि गिऱ्हाइकासाठी थोडी चढाओढही आहे. फक्त बोलणे पुन्हा सुरू झाले आहे.

यात्रेच्या खर्चाची वही थोरल्याने लिहिली होती. गाडीभाडे, पट्टा, मेकॅनिकची मजुरी, टेम्पो, धर्मशाळा. प्रत्येक रक्कम दोन्ही घरांच्या नावे निम्मी निम्मी. शेवटच्या ओळीखाली आईने आपल्या थरथरत्या अक्षरात एक नोंद केली आहे. "खंबाटकी घाट, खिचडी, सर्वांनी मिळून." त्यापुढे रक्कम लिहिलेली नाही.